रंगुबाईचा हातगुण

मेंढी अडली की वस्तीवरचे लोक आधी रंगुबाईला हाक मारायचे आणि मग देवाला. देवाला त्याचा राग येत असेल तर त्यानं तो कधी दाखवला नव्हता, आणि रंगुबाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वस्ती आटपाडीच्या पुढं, माण तालुक्याच्या शिवेला लागून. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून तिथं डाळिंबाच्या बागा उठल्या होत्या, पोरांच्या बुडाखाली मोटारसायकली आल्या होत्या, पण घरटी पाच-पंचवीस मेंढरं अजून होतीच. त्यातली एखादी व्यायला बसायची आणि कोकराचा नुसता एक पाय बाहेर यायचा, मान आत मागं वळलेली. मग रंगुबाई यायची. बांगड्या कोपराकडं सारायची, हाताला तेल चोपडायची आणि डोळे मिटून आत चाचपत बसायची. "ह्यो गुडघा. ही मान. आता वळ रं राजा," असं काहीबाही पुटपुटायची. थोड्या वेळानं कोकरू मातीत पडून शिंकायचं.

बाईच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे. रंगुबाई पदराला हात पुसत म्हणायची, "माजं काय हाय त्यात, बिरोबा करतुया." पण ते ती अशा काही तोऱ्यात म्हणायची, की बिरोबाला नुसता मान मिळावा आणि श्रेय इकडंच राहावं.

त्या उजव्या हाताची तिला भारी जपणूक. नखं कायम मांसापर्यंत कापलेली. तव्यावरची भाकरी ती डाव्या हातानं उलटायची, उजव्याला चटका नको म्हणून. नवरा आप्पासो चेष्टेनं म्हणायचा, "ह्या हाताचा इमा उतरवाय पायजे." ती हसायची नाही. हाताची चेष्टा तिला खपत नसे.

तिची एकुलती एक लेक सोनम आष्ट्याला दिलेली. तिकडची माणसं बारमाही पाण्यातली, घरचा ऊस, जावई रविराज दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. दवाखाने झाले, उपास झाले, आणि एकदाचे दिवस गेले. रंगुबाईनं बिरोबाच्या देवळात ओंजळभर भंडारा उधळला आणि येताना कपाळ, मान, पातळ सगळं पिवळं करून घरी आली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला ती आष्ट्याला गेली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सोनमची तपासणी होती. विहीण मनुबाई आणि रंगुबाई दोघीही तिच्यासोबत आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि खुर्ची जवळ ओढून दोघींना समजावून सांगितलं.

"बाळ आडवं आहे. पिशवीच्या खालच्या अंगाला एक गाठ आहे, तिनं वाट अडवलीय. म्हणून बाळाला डोकं खाली घेता येत नाही. हिच्या कळा सुरू व्हायची वाट बघायची नाही. नववा लागला की भरती करा, आपण सिझर करू. आणि आता लांब कुठं पाठवू नका."

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. रंगुबाईला सगळं कळलं होतं. तिला ते फक्त पटलं नाही. दवाखान्यात गेलं की गाठ निघतेच, आणि गाठ निघाली की कापायला लागतंच, असा तिचा पक्का समज होता.

घरी आल्यावर मनुबाई म्हणाली, "विहीणबाई, पोरगी हितंच ऱ्हाऊ द्या. दवाखाना दोन गल्ल्या सोडून हाय."

"पैलं बाळंतपण म्हायारी व्हतंय," रंगुबाई म्हणाली. "लेकीला म्हायारी नेली न्हाई तर आमाला तोंड दावाय जागा ऱ्हाईल व्हय? नववा लागायच्या आत आणून घालते की तुमच्या दारात."

मनुबाई भिडस्त बाई. तिनं रविराजकडं पाहिलं, रविराजनं सोनमकडं. आणि सोनम तर आधीच पिशवी भरून बसली होती. तिला कापून घ्यायची भीती होती, आणि लहानपणापासून तिनं आईचा हात पाहिला होता. एसटीत खिडकीशी बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "आये, तुज्या हातानं वळंल का गं?"

खरं तर सगळं तिथंच ठरलं. बाकीचं नुसतं घडायचं राहिलं होतं.

रंगुबाईनं लेकीचा हात हातात घेतला. "तू कुठं झालीस ठावं हाय का? पाटणच्या खाली, तोडलेल्या उसाच्या पाचटावर. आमचा मेंढरांचा वाडा बसला हुता तितं. हाताखाली कुणी न्हवतं. नाळ मीच तोडली. आन् दिस कलायच्या आत वाडा हलला तवा तुला पाटीत घालून चालाय लागले." हे सोनमनं शंभरदा ऐकलं होतं. तरी त्या दिवशी तिला ते औषधासारखं लागू पडलं.

घरी आल्यावर रोज जेवणं उरकली की रंगुबाई लेकीला सोप्यात आडवी करायची, एरंडेल कोमट करायची आणि पोटावरून हात फिरवायची. एका कुशीला डोकं लागायचं, दुसऱ्या कुशीला ढुंगण. ती डोकं खाली लोटायची, ढुंगण वर रेटायची, सावकाश, मेंढीला करायची त्यापेक्षा शंभर पट हळू. सोनम ओठ दाबून पडायची. आप्पासो बाहेर अंगणात उगाच दोरी वळत बसायचा.

आणि एका दुपारी ओटीपोटाशी, अगदी खाली, तिच्या बोटांना काहीतरी गोल, कडक, गच्च बसलेलं लागलं. तिनं डोळे मिटले. परत चाचपलं. दोन्ही बाजूंनी बोटं घालून हलवून पाहिलं. हलत नव्हतं. चांगलं खाली रुतून बसलं होतं.

"आलं," ती म्हणाली. "सोने, डोस्कं खाली आलं."

सोनम रडायला लागली. आप्पासो दोरी टाकून आत आला. त्या संध्याकाळी घरात पुरणपोळी झाली आणि वस्तीभर गेली. ज्यांनी रंगुबाईच्या हातचं कोकरू पाहिलं होतं, त्यांना यात नवल वाटलं नाही. सोनमनं आष्ट्याला फोन लावला. रविराज आनंदला, पण म्हणाला, "आत्या, एकदा आटपाडीत सोनोग्राफी करून बगा की. म्हंजी आमच्या आईच्याबी जिवाला घोर ऱ्हानार न्हाई."

"माज्या हातावर इस्वास न्हाई व्हय जावईबापू?" ती असं म्हणाल्यावर जावयानं काय बोलावं?

वस्तीची आशा सेविका प्रांजल घरी येऊन गेली. शिकलेली, गोड बोलणारी पोरगी. म्हणाली, "मावशी, फायलीत गाठ हाय म्हणून लिवलंय. माजं ऐका, एकदा दाखवून आणू." रंगुबाईनं तिच्या हातावर पुरणपोळी ठेवली आणि विषय डाळिंबाच्या भावावर नेला. रात्री आप्पासो म्हणाला, "जाऊन याय काय बिगडतंय?" तर ती म्हणाली, "आवं, ज्या पोटातलं म्या हातानं सरळ केलं, ते आता मशीनला इचारू?"

नववा लागला. सोनमला दारात आणून घालते म्हणणारी रंगुबाई आता त्या वचनाचं नाव काढेना. मनुबाईचे फोन येत होते. सोनम सांगायची, "आत्ती, डोस्कं खाली हाय, आई म्हंती कापाय नको." आईनं सांगितलं ते ती सांगत होती, आणि तिच्या आवाजात आनंद होता.

कळा आल्या त्या एका पहाटे. रंगुबाईनं पाणी तापवलं, जुनी धुतलेली लुगडी काढली, बिरोबाचा भंडारा लेकीच्या कपाळाला लावला. तिला घाई नव्हती. पहिलटकरणीला वेळ लागतोच. सूर्य वर आला, कळा वाढल्या, पाणमोट फुटली, पण बाळ खाली सरकेना. रंगुबाई पोटावर हात ठेवायची आणि खाली ते गोल, कडक तसंच जागच्या जागी लागायचं. ती स्वतःशी म्हणायची, डोकं तर खाली आहे, मग अडलंय कशात?

उन्हं डोक्यावर आली तेव्हा सोनम मोठ्यांदा ओरडली आणि काहीतरी बाहेर आलं. रंगुबाई वाकली.

तो हात होता. इवलासा, निळसर, कोपरापर्यंत आलेला हात.

जिथं डोकं हवं तिथून हात कसा येईल? पण ती घाबरून बसणारी बाई नव्हती, आणि हेच तर वाईट झालं. असे पाय तिनं किती मेंढ्यांचे आत सारले होते. तिनं हाताला तेल लावलं आणि तो हात आत ढकलायला आपलं बोट त्या तळव्याला टेकवलं. तर त्या बोटांनी तिचं बोट धरलं. घट्ट धरलं.

"धरलं गं," तिच्या तोंडून निघून गेलं. "धरलं. धरलं."

सोनमचे डोळे पांढरे झाले होते. तिला काही ऐकू गेलं असेल असं रंगुबाईला वाटलं नाही.

बाळ जिवंत होतं, आणि रंगुबाईला त्यानंच भुलवलं. आता वळवायचंच, असं तिनं मनात घेतलं. ती हात आत सारत राहिली आणि तो परत परत बाहेर येत राहिला, दर वेळी थोडा जास्त सुजलेला. मेंढीच्या पोटात तिची बोटं वाट काढायची, इथं वाटच नव्हती. खांदा आडवा येऊन गच्च बसला होता आणि वरून पिशवी त्याला दाबत होती. सोनम "आये, बास कर" म्हणत होती. मग तेवढंही म्हणेना. रंगुबाईला उन्हं कलल्याचं भान राहिलं नाही. भान राहिलं आप्पासोला. त्यानं दाराबाहेरूनच लेकीचा आवाज बारीक होत गेलेला ऐकला आणि बायकोला न विचारता प्रांजलला फोन केला.

प्रांजल धावत आली. आत येऊन तिनं एकदाच पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली. आटपाडीच्या दवाखान्यात सलाइन लावलं, डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हे इथं होणार नाही, ताबडतोब सांगलीला न्या, आम्ही तिकडं कळवून ठेवतो.

ॲम्ब्युलन्समध्ये रंगुबाई लेकीच्या पायाशी बसली. अंगावरच्या चादरीखाली तिचा उजवा हात होता, आणि तिचं बोट त्या मुठीत होतं. पकड अधूनमधून सैल व्हायची, परत आवळायची. रस्त्यावर खड्डा आला की ती आवळायची. रंगुबाई कुणाकडं न बघता बसून राहिली. बिरोबाचं नाव घ्यायची तिला हिंमत होत नव्हती.

भिवघाटात गाडी वळणं घेत असताना सोनमनं एकदम डोळे उघडले, पोटात काहीतरी फाटल्यासारखं विव्हळली, आणि तिच्या कळा थांबल्या. एकदम थांबल्या. क्षणभर रंगुबाईला वाटलं, लेकीला आराम पडला. मग तिच्या लक्षात आलं, की चादरीखाली तिच्या बोटाला कुणी धरलेलं नाही. तिनं बोट हलवून पाहिलं. त्या तळव्यावर ते फिरवलं. मग हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात माणसं स्ट्रेचर घेऊन दारातच उभी होती. रविराज आणि मनुबाई आष्ट्याहून आधीच पोचले होते. धावत्या स्ट्रेचरबरोबर डॉक्टरबाईंनी विचारलं, "बाळाची हालचाल कधीपर्यंत होती?" सगळ्यांनी रंगुबाईकडं पाहिलं.

"सकाळपास्नंच न्हवती," ती म्हणाली.

सोनम वाचली. पिशवी फाटली होती, ती काढून टाकावी लागली. मुलगा होता. रविराज भिंतीला टेकून खाली बसला आणि मनुबाईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. रंगुबाईकडं कुणी बघत नव्हतं, म्हणून ती आपली एकटीच उभी राहिली.

पेशंटचं काय काढलं ते नातेवाइकांना दाखवायची तिथली रीत. सिस्टरनं ट्रे आणला. रंगुबाई पुढं झाली. डॉक्टरबाईंनी हातमोज्याच्या बोटानं दाखवलं, "ही पिशवी. आणि ही खाली तोंडाशी असलेली गाठ. बाळ आडवंच होतं, आजी. ते कधी सरळ झालंच नव्हतं."

गाठ नारळाएवढी होती. गोल आणि कडक. रंगुबाईनं विचारलं, "हात लावू?" बाईंना ते चमत्कारिक वाटलं असावं, पण त्यांनी मोजा दिला. रंगुबाईनं दोन बोटं त्या गाठीच्या दोन्ही बाजूंना ठेवली आणि डोळे मिटले. तिच्या बोटांनी लगेच ओळखलं. हेच ते. हे खाली आलं म्हणून तिनं लेकीला रडवलं होतं, पुरणपोळ्या वाटल्या होत्या. मोज्यातला हात तिनं बाजूला घेतला आणि तो कुठं ठेवावा ते तिला कळेना.

टाके काढल्यावर मनुबाई म्हणाली, "सव्वा महिना म्हायारीच ऱ्हाऊ द्या तिला." आवाजात राग नव्हता. राग असता तर रंगुबाईला धरायला काहीतरी झालं असतं. सोनम परत वस्तीवर आली आणि सोप्यात बाजेवर पडून राहू लागली. रविराजचे फोन आधी रोज आले, मग एक दिवसाआड, मग कधीतरी. ती कुणाला बोल लावत नव्हती. जेव म्हटलं की जेवायची. तिला दूध आलं होतं. छातीला फडकं आवळून बांधलं तरी ते थांबत नव्हतं. संध्याकाळी मेंढरं रानातून आली आणि दावणीची कोकरं आईसाठी ओरडायला लागली की तिचं पोलकं भिजायचं. मग ती भिंतीकडं तोंड करायची. आप्पासोनं एक दिवस गुपचूप सगळी कोकरं भावाच्या वाड्यात नेऊन सोडली, पण वस्तीवर कोकरं काय एका घरी असतात? आवाज यायचा तो यायचाच.

रंगुबाईनं हाताची निगा सोडली होती. नखं वाढली, त्यात माती भरली. भाकरी ती आता उजव्या हातानं उलटायची.

अशा एका दुपारी शेजारचा हरिबा दारात येऊन घुटमळला. शेवटी आप्पासोला म्हणाला, "मेंढी अडलीया. सकाळधरनं तडफडतीया. डाक्टर म्हसवडला गेलाय म्हंत्यात."

"मी येनार न्हाई," रंगुबाई आतून म्हणाली.

बाजेवरून सोनम बोलली. तिनं आपणहून बोलून किती दिवस झाले होते. "जा की आये. तिला कशाला मारतीस?"

रंगुबाई उठली. नखं कापली, हात धुतला, तेल लावलं. मेंढीच्या मागं बसून तिनं डोळे मिटले, आणि बोटांनी आपली वाट धरली. हा गुडघा. ही मान. ती काही पुटपुटली नाही. कोकरू वळलं, सुटलं, मातीत पडून शिंकलं आणि धडपडत पायावर उभं राहिलं. हरिबाचा जीव भांड्यात पडला. तो भोळा माणूस, मनात येईल ते बोलणारा. म्हणाला, "हातगुण हाय तसाच ऱ्हायलाय बरं का वैनी."

ती तिथून जवळजवळ पळतच निघाली. हौदावर तिनं हात धुतला, मातीनं घासला, परत धुतला. तरी त्याला वास होता. पदराखाली झाकून ती सोप्यात आली आणि बाजेकडं न बघता चुलीकडं जाऊ लागली.

"आये." सोनम उठून बसली होती. "जगलं?"

"व्हय."

"हितं बस."

रंगुबाई खाली जमिनीवर बसली. सोनमनं अंगावरची वाकळ बाजूला सारली. मग तिनं विचारलं, "सांगलीत डॉक्टरीनबाईला तू सांगितलंस ते म्या ऐकलं, सकाळपास्नं हालचाल न्हवती म्हून."

"व्हय."

"मग तवा 'धरलं, धरलं' का म्हनत हुतीस?"

अंगणात कोंबडी पाचोळा उकरत होती. रंगुबाईनं तोंड उघडलं, पण खोटं बोलायला लागणारा श्वाससुद्धा तिच्यात उरला नव्हता. सोनम वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बऱ्याच दिवसांची भूक असावी तसं काहीतरी होतं.

"कवापातूर धरलं हुतं?" तिनं विचारलं.

"भिवघाटापातूर," रंगुबाई म्हणाली.

सोनमनं मान हलवली. वस्तीपासून भिवघाट किती लांब आहे ते तिला ठाऊक होतं. माहेरी येताना दर वेळी तो लागायचा. वस्तीवरून आटपाडी, आटपाडीहून पुढचा सगळा रस्ता, ती मनातल्या मनात तो चालून आली असावी. मग म्हणाली, "कुठलं बोट?"

रंगुबाईनं पदराखालून उजवा हात काढला. ओला, तेलकट, मेंढीचा वास येणारा. पहिलं बोट पुढं केलं. सोनमनं ते मुठीत घेतलं आणि डोळे मिटून घट्ट धरून ठेवलं. तिनं ते आईचं बोट म्हणून धरलेलं नव्हतं, हे रंगुबाईला कळत होतं. ती हललीही नाही. बाहेर दिवस मावळेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या, आणि मेंढरं परतायची वेळ झाली.